साखराबाईचे गोचीड

साखराबाईनं म्हणे डबाभर गोचीड सुंदररावाच्या मानाच्या बैठकीत सोडले, आणि तळ्याच्या उद्घाटनाला आलेल्या साहेबाला भर मांडवात नाचवलं.

ही कुजबूज पहिल्यांदा कुणी केली ते विचारू नका. विचारलं तर छबुबाई दुसऱ्या कुणाचं नाव सांगेल आणि ते दुसरं माणूस छबुबाईचं. गावातनं निघाली तेव्हा गोष्टीत गोचीड डबाभरच होते. लिंबागणेशला चतुर्थीच्या गर्दीत पोचेपर्यंत घागरभर झाले. युसूफ वडगावच्या बाजारात म्हशीचे दात बघता बघता एका दलालानं दुसऱ्याला सांगितलं, तेव्हा त्यांचं पोतं झालं होतं आणि साखराबाई ते डोक्यावर घेऊन भर सभेत शिरली होती. अंबाजोगाईच्या दवाखान्यात पेशंटच्या उशाशी बसलेल्या बायांनी तर कमालच केली. गोचिडांना म्हणे साखराबाईची भाषा कळते. तिनं नुसतं नाव घेतलं की ते त्या माणसाच्या घराकडं चालू लागतात.

तिला ओळखणाऱ्यांना यातलं शेवटचं खरं वाटलं. साखराबाईची भाषा एकदा ऐकलेला जीव ती विसरत नसे.

आईबापानं नाव ठेवलं साखराबाई. ठेवलं तेव्हा पोरगी बोलत नव्हती, त्यात त्यांचा काय दोष? बोलायला लागली तेव्हा उशीर झाला होता. बाप म्हशी वळायचा. पाळण्यातनं उतरली ती पोर म्हशीच्या पाठीवरच चढली. लग्नात बापानं आंदण म्हणून एक वगार दिली. बालाघाटाच्या उतारावरच्या या गावात वरात आली तेव्हा लोकांनी आधी वगार बघितली, मग नवरी. आप्पाराव, म्हणजे नवरदेव, आजही कुणी छेडलं तर म्हणतो, "आमी वगारीला होकार देलता. ही संगं आली." मात्र हे तो बायको नदीच्या पलीकडं असतानाच म्हणतो. आप्पाराव अबोल आहे असं गाव समजतं. तसं नाही. त्याची बोलायची पाळीच येत नाही.

त्या वगारीची म्हैस झाली, म्हशीच्या म्हशी झाल्या, आणि आता त्या वेलीवर एकच उरली आहे, चांदी. कपाळावर पांढरा टिळा, म्हणून चांदी. बाकीच्या म्हशी बाजारातल्या. चांदी माहेरची. कुणी चांदीला काठी लावली तर साखराबाई त्याच्या सात पिढ्यांचा हिशोब सांगायची, आणि त्यात एकही पिढी सुटायची नाही.

पण तिचा खरा राग माणसांवर नव्हता. तो होता माशीवर.

श्रावण सरत आला, कडक ऊन पडायला लागलं, की बालाघाटाच्या या पट्ट्यात गोमाशी उठते. करड्या रंगाची, ढोबळी, बसली की सुई टोचल्यासारखी. तिच्या मागनं बारीक डांस येतात, ते पोटाखाली आणि कासेला झोंबतात. आणि गवतात गोचीड नुसता दबा धरून बसलेला असतो, जनावर चाटून गेलं की चढला. माशी निदान उडते, हाकलता येते. गोचीड नवसाच्या पाहुण्यासारखा, आला की फुगेपर्यंत जात नाही. साखराबाई उभ्या रानात माशीला शिव्या द्यायची. "मुडद्यांनो, तुमच्या तोंडात जाळ पडो! देवानं तुमाला पंख देले, लाज कावून देली न्हाई?" रस्त्यानं जाणारा माणूस आपल्यालाच म्हणाली समजून पाय उचलायचा.

शिव्यांनी माशी जात नाही हे तिलाही ठाऊक होतं. माशी जाते ती लोळणीनं.

गावतळ्याच्या एका कोपऱ्यात ओढा गाळ आणून टाकतो. काळा, लोण्यासारखा गाळ. तिथं गावातल्या म्हशींची लोळण होती, कधीपासून ते कुणी सांगू शकत नाही. दुपार तापली की साखराबाई म्हशी तिकडं वळवायची. वळवायची म्हणजे काय, सोडायची. चांदी पुढं. आधी पुढचे गुडघे टेकायची, एक लांब फुसकारा टाकायची, मग सगळं अंग एका बाजूला ओतून द्यायची. नाकपुड्या तेवढ्या वर. गोमाशी येऊन वरच्या वर घिरट्या घालायची, बसायला जागाच नाही. तासाभरानं म्हैस उठली की अंगावर चिखलाचा जाड लेप. तो उन्हानं वाळायचा, पांढुरका पडायचा, तडकायचा. मग चांदी बाभळीला अंग घासायची, आणि ढलप्या पडायच्या, ढलपीसंगं चिकटलेला गोचीडही. राहिलेले टिपायला साळुंक्या हजर. एक पाठीवर, एक थेट कानात मान घालून. म्हैस कान हलवत नसे. जी म्हैस माशी बसली की शेपटीचा चाबूक करते, ती साळुंकीसाठी दगडासारखी उभी राहते, हे बघून साखराबाईला दरवेळी हसू यायचं. वर्षातनं तेवढंच.

रोह्याचंही तेच. डोंगरावर रोह्यांचा, म्हणजे नीलगायींचा, कळप होता. पिकं खायचा म्हणून सगळं गाव त्याच्या नावानं बोटं मोडायचं, साखराबाई दोन्ही हातांची. पण म्हशी चारताना तिनं बघितलं होतं. माशी उठली की रोही झाडी सोडायचे आणि डोंगराच्या उघड्या बोडक्या माथ्यावर जाऊन उभे राहायचे, कारण तिथं वारा असतो आणि वाऱ्यात माशीला ठरता येत नाही. सगळे एका रांगेत, एकाची शेपटी दुसऱ्याच्या तोंडाजवळ. एका थोराड नराच्या कानात तर जांभळाच्या घडासारखे गोचीड लोंबत होते. तो मानेची कातडी सोलपटेपर्यंत खैराला घासायचा. आणि माणसं जेवायला गेली की तोही हळूच खाली उतरून त्याच लोळणीत पडून यायचा. त्याच्या निमुळत्या खुरांचे ठसे तिनं म्हशींच्या ठशांत ओळखले होते.

"जंगलातल्याला डाक्टर न्हाई का पावडर न्हाई," ती आप्पारावाला सांगायची. "वारा हाय, चिखल हाय, पाखरू हाय. त्याचं तो बघतो. माझ्या म्हशीला बी याच्या परीस काय पायजे?"

आप्पाराव मान हलवायचा.

"हलवू नका मान. बोला काईतरी."

तो तोंड उघडायचा, तोवर ती पुढच्या विषयावर गेलेली असायची.

अशा या सुखात सुंदररावाला तळं सुंदर करायची बुद्धी झाली.

सुंदरराव गावचा पुढारी. सरपंच त्याची बायको विजयमाला, म्हणजे सही तिची आणि तोंड त्याचं. कुठल्या तरी शहरात त्यानं तळ्याकाठी फिरणारी माणसं बघितली आणि त्याच्या डोक्यात घुसलं की आपल्या गावानंही तळ्याभोवती फिरलं पाहिजे. दिवसभर रानात पायपीट करणाऱ्या माणसांनी संध्याकाळी बूट घालून आणखी कुठं फिरायचं, हे त्याला कुणी विचारलं नाही. काठाला दगड बसले. फरशीची वाट झाली. भोवती लोखंडी रेलिंग, त्याला निळा रंग, एक गेट, गेटाला कुलूप. गाळाच्या कोपऱ्यात मुरूम टाकायचं ठरलं होतं, ते उद्घाटनानंतर. आणि काठावर शोभेला सिमेंटचे बगळे बसवले, एक पाय वर घेतलेले.

म्हशींचं आत येणं बंद झालं तेव्हा खरे बगळे उडून गेले. म्हशीच्या पायानं उठणारे किडे टिपायला ते यायचे. म्हशीच नाहीत तर ते काय सिमेंट खातील?

"जित्ते बगळे हाकलले आन् शिमिटाचे बसिवले!" साखराबाई गेटासमोर उभी राहून ओरडली. मागं चांदी, तिच्या मागं बाकीच्या. "अरे, उद्या बायका काढून भावल्या बसिवताल!"

गेटाची किल्ली होती त्रिंबककडं. त्रिंबक सुंदररावाचा उजवा हात. डावा हात कुठं असतो ते कधी दिसलं नाही.

"काकू, आता म्हशी आत न्यायच्या न्हाईत," त्रिंबक म्हणाला.

"कावून रे? आत तुझ्या लग्नाचा मांडव हाय का?"

"बाप्पाचा हुकूम हाय."

"बाप्पाला म्हणावं, आधी माशीला हुकूम कर. ती बंद झाली की गेट बंद कर."

तेवढ्यात बाप्पाच, म्हणजे सुंदररावच, बुलेटवर आला. पांढरे कपडे, कडक इस्त्री. गाडी चालू ठेवूनच बोलला. "साखराबाई, जग कुठं गेलं, आन् तुमी आजून चिखलात लोळायलाव."

"मी न्हाई लोळत, म्हस लोळती. तुमाला लोळायचं आसंल तर जागा करते, या."

त्रिंबकनं हसू दाबलं. सुंदररावानं बघितलं, त्रिंबकचं हसू मेलं.

"म्हशी गोठ्यात बांधा. पंखा लावा, फवारा मारा. माझा कंधाऱ्या बघा. चिखल म्हणून ठाव न्हाई त्याला, आन् एक माशी अंगाला शिवत न्हाई."

हे मात्र खरं होतं. कंधाऱ्या हा सुंदररावाचा लाल कंधारी बैल, प्रदर्शनात पहिला आलेला. त्याला माशी शिवत नव्हती, कारण त्याच्या अंगावर कायम झूल. मखमलीची, आरशांची, गोंड्यांची, आतनं जाड अस्तर. दुसऱ्यांची झूल पोळ्याला बाहेर निघते आणि पोळा झाला की लिंबाचा पाला घालून पेटीत जाते. सुंदररावाचं मत पडलं की झुलीनं कातडी चकाकते आणि माशीही लागत नाही, म्हणून त्यानं ती बैलाच्या पाठीवरनं उतरवलीच नाही. बैल घासायला भिंतीकडं सरकला तर झूल फाटेल म्हणून त्याला आखूड बांधायचा. पाठीवर साळुंकी बसली तर मखमल घाण होईल म्हणून त्रिंबक तिला खडा मारायचा.

"माझ्या म्हशीला मखमल नको," साखराबाई म्हणाली. "चिखल पायजे."

बुलेट निघून गेली. गेट बंद राहिलं.

मग गोठ्यात जे सुरू झालं त्याला साखराबाई नरक म्हणायची. चांदी गाभण होती. दिवसभर दावणीला उभी राहून पाय आपटायची, डोकं झटकायची, जिभेनं पोहोचेल तिथवर अंग चाटून केस काढायची. कातडी थरथरवायची, तशी माशी क्षणभर उठायची आणि तिथंच बसायची. कानांच्या आत, शेपटीच्या बुडाला, मांडीच्या कोवळ्या जागेला गोचीड. साखराबाईनं काय करायचं ठेवलं? लिंबाचा ओला पाला पेटवून धुरी केली. धूर आहे तोवर माशी दूर. करंजाचं तेल चोळलं. तंबाखूच्या पाण्यानं धुतलं. डॉक्टरकडनं औषध आणून फवारलं, त्यानं गळून पडले, पण भिंतींच्या फटींत त्यांची पिलावळ होतीच, ती पुन्हा चढली. लोळणीवर रोजचा रोज लेप असायचा. गोठ्यात रोजचा रोज नवा गोचीड.

शेवटी ती बोटांनी काढायला बसली. एका बाजूनं ती, दुसऱ्या बाजूनं आप्पाराव, मध्ये म्हैस आणि पत्र्याचा डबा, डब्यात रॉकेल. चिमटीत धरायचा, तोंड आत तुटू न देता ओढायचा, डब्यात टाकायचा. प्रत्येक गोचिडाला ती एकेकाचं नाव द्यायची. "हा त्रिंबक. हा ठेकेदार. हा ढोला दिसतो का, हा सुंदरराव."

"हा बारका कोण?" आप्पारावानं विचारलं. त्याला संधी मिळाली होती.

"तुमी. गपगुमान रक्त पिताव."

आप्पारावानं स्वतःला डब्यात टाकलं.

याच वेळी शेजारची छबुबाई विरजण मागायला आली. छबुबाईच्या घरात विरजण नसतं हे खरं, पण बातमी मिळाली की नसलेलं विरजण ती विसरून जाते.

"काय गोळा करायलीस गं डब्यात?"

साखराबाईनं मान वर न करता सांगितलं, "सुंदररावाला आहेर करायचाय."

छबुबाई विरजण विसरली.

एका दुपारी चांदीनं दावं तोडलं. माशीनं वेडी झालेली म्हैस, तिला वाट माहीत. थेट तळ्यावर गेली आणि रेलिंगला खांदा लावला. आत, दहा पावलांवर तिचा चिखल. ती ढकलत राहिली. लोखंड हललं नाही. साखराबाई धापा टाकत पोचली तेव्हा म्हशीचा खांदा सोलून निघाला होता आणि निळ्या रंगाला रक्त लागलं होतं. तिनं गळ्यात हात घालून तिला मागं ओढली. चांदी मागं वळून चिखलाकडं बघत चालली. त्या दिवशी साखराबाईनं रस्ताभर एकही शिवी दिली नाही. दारात बसलेली माणसं उठून आत गेली. तिची शिवी गावाला सवयीची होती, तिचं गप्प बसणं नव्हतं.

जखमेवर माशी बसली. बसली ती अंडी घालूनच उठली. जखमेत किडे पडले. डॉक्टरनं येऊन किडे काढले, औषध भरलं, आणि सांगितलं की म्हशीला माशीपासून जपा, नाहीतर पोटातलं टाकेल.

"जपते," साखराबाई म्हणाली. "कुठं जपू? कपाटात?"

आणि पदर खोचून ती सुंदररावाच्या घराकडं निघाली. आप्पाराव मागनं "आगं…" म्हणाला. तो शब्द अजून त्या अंगणात पडून आहे.

सुंदररावाच्या घरी दुसऱ्या दिवशीच्या उद्घाटनाची गडबड. विजयमाला अंगणात समया घासत होती.

"या काकू, बसा. चहा टाकते."

"चहा नको. गेट उघड. सही तुझी चालती ना गावात?"

विजयमालानं समई खाली ठेवली. "काकू, सही माझी हाय. किल्ली त्यांची हाय." एवढं बोलून तिनं पुन्हा घासायला घेतलं, जरा जोरातच.

सुंदरराव गोठ्यात होता. साखराबाई तिकडं वळली. कंधाऱ्याच्या अंगावरनं नुकतीच झूल काढलेली, आणि ती सुंदररावाच्या हातात. उद्या साहेब येणार होते, आणि या घराचा आजोबापासूनचा रिवाज होता: मोठा पाहुणा आला की त्याला सतरंजीवर नाही, खुर्चीवर नाही, जिंकलेल्या बैलाच्या झुलीवर बसवायचं. असा मान जिल्ह्यात दुसऱ्या घरी मिळत नाही, असं सुंदरराव छाती पुढं काढून सांगायचा. खरंच मिळत नव्हता.

"सुंदरराव," साखराबाईनं सुरू केलं, "माझ्या म्हशीच्या खांद्यात किडे पडले. तुमच्या रेलिंगनं. पोटात रेडकू हाय तिच्या. ते गेलं तर मी तुमच्या दारात…"

"उद्या साहेब येणार हायेत," तो म्हणाला. तिच्याकडं बघितलंही नाही. "म्हशी कोंडून ठेवा. तळ्यापाशी एक म्हस जरी दिसली तर कोंडवाड्यात घालीन. चिखलात राहून राहून तुमच्या डोस्क्यात बी चिखल झालाय. स्वच्छता म्हणजे काय, कळतं का तुमाला? ही बघा." आणि त्यानं ती झूल तिच्या पुढ्यात उलगडून धरली. आरसे लखलखले.

साखराबाईनं झुलीकडं बघितलं. वरनं बघितलं, काठ उलटा झाला होता तिथनं आतनंही बघितलं. तिचं बोट काठाला लागलं, ते तिनं पदराला पुसलं. मागं कंधाऱ्या आखूड दाव्याला हिसके देत मागचे पाय आपटत होता. तिनं तोंड उघडलं.

"काय?" सुंदरराव म्हणाला. "आजून राह्यलंय का काई बोलायचं?"

"काई न्हाई बाप्पा," ती म्हणाली. "मान मोठा हाय."

आणि घरी आली. आप्पारावानं विचारलं काय झालं, तर म्हणाली, "उद्या धुतलेलं धोतर नेसा. सभेला जायचंय."

सभा तळ्याच्या काठावर मांडवात, सिमेंटच्या बगळ्यांच्या साक्षीनं. मांडवाच्या बाहेरच्या अंगाला बैठक, बैठकीवर गादी, गादीवर झूल, झुलीवर साहेब. शेजारी सुंदरराव, कारण मान देणाराही त्याच झुलीवर बसतो. ऊन तिरपं होऊन थेट बैठकीवर आलेलं, मखमल तापलेली. साखराबाई बायकांत पहिल्या रांगेत, छबुबाईला खेटून.

साहेबांनी आधी नुसता घोटा खाजवला. सभ्यपणे, वाकून, चप्पल नीट करतोय असं दाखवत. मग कंबर. हार घालून घेताना मान. मग बोलायला उभे राहिले. "या तळ्याच्या रूपानं गावाला एक स्वच्छ…" इथं हात काखेत गेला. "एक सुंदर आणि आरोग्यदायी…" इथं दुसरा हात पाठीमागं गेला आणि पोचेना. सुंदररावाची वेगळी गत नव्हती. तो मांडी बदलायचा, पुन्हा बदलायचा, चेहऱ्यावर हसू तसंच ठेवून पोटाला चिमटे घ्यायचा. दोन कडक इस्त्रीची माणसं एकमेकांना न दाखवता खाजवत होती आणि उभं गाव बघत होतं. शेवटी साहेबांनी कॉलरमधनं काहीतरी चिमटीत धरून काढलं. राजगिऱ्याच्या दाण्याएवढं, आणि त्याला पाय.

"हे काय आहे?"

त्रिंबकनं हातातल्या माईकसकट वाकून बघितलं. माईक चालू होता.

"गोचडाचं पिल्लू हाय साहेब."

पुढचं सांगण्यासारखं नाही. साहेब फीत न कापता गाडीत बसले, ते सदऱ्याची बटणं काढतच. गाडी वळेपर्यंत काचेतनं त्यांची बनियन दिसत होती. मांडवातली पोरं हसली, मग म्हातारे हसले, मग कोण हसतंय ते बघायला सुंदरराव वळला आणि सगळे एकदम गंभीर झाले.

छबुबाईच्या तोंडून तेव्हाच निघालं, "आगं बया! आहेर!"

संध्याकाळ व्हायच्या आत सुंदरराव माणसं घेऊन साखराबाईच्या अंगणात उभा. मानेवर, हातावर लाल गांध्या. साखराबाई चांदीच्या खांद्यावरच्या माशा पाल्यानं वारत होती. डबा शेजारीच होता.

"तुमी सोडले ना ते?" सुंदररावाचा आवाज चिरकला. "नीट सांगा. साऱ्या जिल्ह्यात माझं नाक कापलं. तुमी सोडले का न्हाई?"

साखराबाई उठली. तिनं त्याच्याकडं बघितलं नाही. त्रिंबककडं बघितलं, त्याच्या करदोड्याला अडकवलेल्या किल्लीकडं.

"गेट उघडं ऱ्हाणार हाय का बंद?"

"मी काय विचारायलोय?"

"मी बी तेच सांगायलेय." आता तिचा आवाज चढला. कितीतरी दिवसांचा साठलेला राग होता. "ह्या मुक्या जिवाला देवानं एक चिखल देलता. तुझ्या आजानं तो हिसकला न्हाई, बापानं हिसकला न्हाई. तू हिसकलास, शिमिटाच्या बगळ्यासाठी! म्हशीला चिखल न्हाई भेटला तर गोचीड म्हशीवर ऱ्हातील. म्हशीवर मावंनात तर खाली उतरतील. उतरले की कुणाच्या घरात जायचं ते ते ठरवतील. मी काय त्यांना पत्ता सांगायला जाऊ? जा, लाव कुलूप! लाव, आन् मंग बघू!"

त्रिंबकनं नकळत मान खाजवली. ते बघून दुसऱ्यानं पाठ खाजवली. तिसरा "मला जरा काम हाय" म्हणून निघाला. खाज दिसली की लागते, त्याला गोचीड असावाच लागतो असं नाही.

सुंदररावानं कोंडवाड्याचं, पोलिसाचं, कशाकशाचं नाव घेतलं. पण त्याच्याबरोबर पोलिसात जायला एकही माणूस पुढं आला नाही, आणि एकट्यानं जाऊन 'मला गोचीड चावले' असं लिहून देणं त्याच्या इस्त्रीला शोभलं नसतं.

दुसऱ्या दिवशी गेट उघडंच होतं. त्रिंबक म्हणाला, किल्ली हरवली. कुणी शोधायलाही गेलं नाही. मुरूम पडलाच नाही. ज्याची फीत कापली गेली नाही त्या तळ्यावर पुढचं काम कोण काढणार?

चांदी गेटातनं आत गेली, फरशीवर शेणाचा पो टाकला, दगड ओलांडले, आणि गुडघे टेकले. तिनं फुसकारा टाकला तो साखराबाईनं काठावर उभं राहून ऐकला. नंतर तिनं पदरानं तोंड पुसलं आणि चिखलात पडलेल्या पाण्याच्या बाटलीवरनं फिरायला येणाऱ्यांच्या खानदानाचा उद्धार सुरू केला, म्हणजे सगळं ठाकठीक आहे हे आप्पारावाला कळलं.

खांदा भरला. चांदीला वगार झाली, कपाळावर टिळा घेऊनच. सिमेंटच्या एका बगळ्याची चोच म्हशीच्या शिंगानं उडाली. त्याच्या डोक्यावर आता खरा बगळा बसतो. साळुंक्या आल्या. गाळात निमुळत्या खुरांचेही ठसे उमटतात. त्या रोह्यानं पिकाचं नुकसान केलं की साखराबाई आजही बोटं मोडते.

गावात तिला कुणी आता उलट बोलत नाही. दळणाच्या चक्कीवर पाळी पुढची देतात, बैठकीला बोलवून तिथली सतरंजी झटकून घालतात. कुणी हळूच विचारलंच, "काकू, खरंच सोडले होते का हो?" तर ती म्हणते, "तुझं घर कंच्या गल्लीला हाय रे?" आणि विचारणारा निघून जातो.

साखराबाईनं गोचीड सोडले नव्हते. तिच्या डब्यातले रॉकेलमध्ये मेले होते. झुलीतले गोचीड सुंदररावाच्या बैलाचे होते. झूल कायम बैलाच्या अंगावर असायची, तिच्या अस्तरात त्यांनी अंडी घातली आणि ती फुटली. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी साखराबाईनं ते बघितलं होतं. ती काही बोलली नाही.